दोन स्पोर्ट्‌स कारचे आकडे जवळपास सारखे असताना एकीत 'जीव आहे' आणि दुसरीत नाही, असं लोक का म्हणतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ताशी 0 ते 100 किलोमीटरचा वेळ, हॉर्सपॉवर, टॉप स्पीड हे सगळं मोजता येतं, मग गाडीचा 'आत्मा' हा पैसेवाल्यांनी स्वतःची समजूत काढायला शोधलेला शब्द नाही का? थोडासा आहे. त्याकडे येतोच. पण सगळाच तसा नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा मिरजेचा. गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये गाड्यांच्या आवाजावर आणि कंपनांवर काम करतो. दारात 1990 च्या दशकातली एक माझदा एमएक्स-5 आहे, दोन सीटची, कापडी छपराची. म्हणजे मी तटस्थ नाही.

मिरजेचा हे मुद्दाम सांगितलं. आमच्याकडे सितारमेकर गल्लीत तंबोरे बनतात. तार सुरात आहे की नाही हे आज मोबाइलवरचं अ‍ॅपसुद्धा सांगतं. पण पक्का सुरात लावलेला तंबोराही मुका असू शकतो. मग कारागीर घोडीवर, तार टेकते तिथे, सुताचा एक धागा सरकवतो. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अचानक गुंजायला लागते आणि खोली भरून जाते. जवारी म्हणतात ती हीच. पट्टी तीच, ताण तोच. यात गूढ काही नाही. घोडीचा माथा किंचित उतरता असतो, कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि वरचे स्वर जागे होतात. सगळं भौतिकशास्त्रच, फक्त पट्टीच्या आकड्यात ते कुठे दिसत नाही. गाडीच्या जिवाचंही मला तसंच वाटतं. तो असतो, त्याची कारणं असतात, पण ती ब्रोशरच्या तक्त्यात छापत नाहीत.

सगळ्यात मोठी जवारी स्टिअरिंगमध्ये. हे जरा सविस्तर सांगतो, कारण 'स्टिअरिंग फील' हा शब्द परीक्षणात दहा वेळा येतो आणि तो काय असतो ते कुणी सांगत नाही. वळणावर पुढच्या टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो तो मुरगळतो. त्यातून जो आडवा जोर तयार होतो तो त्या भागाच्या बरोबर मधोमध लागत नाही, थोडा मागच्या बाजूला लागतो. त्यामुळे चाकं सारखी सरळ व्हायला बघतात आणि तो ओढा तुमच्या तळहातांना जाणवतो. वेग वाढवत गेलात की जोर पुढे सरकतो आणि ओढा कमी होऊ लागतो. खरी मेख इथे आहे: हा ओढा टायरची पकड पूर्ण संपण्याच्या आधीच कमी व्हायला लागतो. म्हणजे गाडी घसरायच्या आधी चाक हातात हलकं पडतं. गाडी सांगत असते की बाबा रे, आता पुरे.

माझे आजोबा बैलगाडी हाकायचे. कासरा ताणायचाही नाही, सोडायचाही नाही, वेसण हाताला कळली पाहिजे, असं ते म्हणायचे. मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत जे नीट कळलं नाही ते त्या वाक्यात होतं.

आता या कासऱ्याच्या मध्ये पॉवर स्टिअरिंग येतं. मदत जितकी जास्त तितकी ही कुजबुज गाळली जाते. जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रकारात बरंचसं झिरपून हातापर्यंत यायचं. इलेक्ट्रिक मोटर आली तेव्हा सॉफ्टवेअर जेवढं सोडेल तेवढंच. 2011 मध्ये पोर्शेने आपल्या 911 या स्पोर्ट्‌स कारच्या '991' नावाच्या पिढीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणलं तेव्हा गाडी आधीपेक्षा वेगवान होती, तरी कुरकुर झालीच. उलट टोकाला 1996 ची लोटस एलिस. पॉवर स्टिअरिंग नाहीच. लागतच नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचे भाग डिंकाने चिकटवून केलेली ती गाडी साधारण सव्वासातशे किलोची. इंजिन 118 हॉर्सपॉवरचं. एका मित्राची एलिस मी एकदाच चालवली. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्याची जाडीसुद्धा हाताला लागते, शपथेवर सांगतो. आपल्याकडे ज्यांनी वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकली (मी त्यातलाच) त्यांना ही भावना ओळखीची वाटेल. पद्मिनीला कुणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही, पण चाक बोलायचं.

वजनाचा मुद्दा इथेच येतो. वजन वाढलं की रुंद टायर, रुंद टायरना जास्त मदत, मोठे ब्रेक, कडक सस्पेन्शन, आणि ते सगळं ओढायला मोठं इंजिन. शेवटी आकडा पूर्वीपेक्षा चांगलाच येतो, फक्त मध्ये इतके थर साचतात की हात आणि रस्ता यांची भेटच होत नाही.

आता माझ्या गाडीबद्दल. 1970 च्या दशकाच्या शेवटी बॉब हॉल या अमेरिकन मोटार पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की जुन्या ब्रिटिश धर्तीची साधी, हलकी, उघडी गाडी आता कुणी करत नाही, तुम्ही करा. बऱ्याच वर्षांनी ती झाली, फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई. त्यांच्या चमूने ध्येय म्हणून आकडा धरला नाही, 'जिनबा इत्ताई' ही कल्पना धरली: घोडा आणि स्वार एक. घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी धनुर्धरांकडून आलेली कल्पना. ऐकायला जाहिरातीसारखं वाटतं, मलाही वाटायचं. पण गाडीखाली झोपून बघितलं तर त्याचे धातूचे पुरावे सापडतात. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याने एकमेकांना जखडलेले आहेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मधलं कुठलं रबर पिळवटत बसत नाही, पाय हलला की मागची चाकं हलतात. सायलेन्सरचा आवाज ठरवताना त्यांनी जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या आवाजांची ध्वनिमुद्रणं ऐकली. म्हणजे कुणीतरी तिथे बसून धागा सरकवत होतं.

आणि आकडे? 1.6 लिटर, 116 हॉर्सपॉवर, 0 ते 100 ला सुमारे 9 सेकंद. आज दीड लिटर टर्बोची घरगुती सेडान तिला सिग्नलवर सहज टक्कर देईल. तरी एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 बनली. दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. हे सगळे लोक काही स्वतःची समजूत काढत नव्हते.

माझ्या घरापासून थोड्या अंतरावर मॅकल्सफील्ड ते बक्स्टन असा डोंगरातला रस्ता आहे, माथ्यावरच्या जुन्या पबवरून त्याला कॅट अँड फिडल म्हणतात. आंबा घाटाची आठवण करून देणारी वळणं, फक्त झाडी नाही, नुसतं माळरान आणि मेंढ्या. या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 मैल, म्हणजे 80 किलोमीटर, आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी घेऊन जा, तिला करायला कामच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये जांभया देत बसते. माझी गाडी त्याच वेगात घाम गाळत असते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला टोला, इंजिन वर चढतं, गिअर आपसूक खाली बसतो. चुकलं तर गाडी झटका देऊन चूक दाखवते. जमलं तर मजा कुणाला सांगणार! हे सगळं कायद्यात राहून. आकडा तुमच्या आयुष्यात कधी न येणाऱ्या क्षणाबद्दल बोलतो. जीव असतो तो मंगळवारी संध्याकाळी ताशी साठ किलोमीटरच्या वेगात.

तुम्ही म्हणाल, हे स्वस्त गाड्यांचं कौतुक झालं. मग पोर्शेचंच बघा. 2013 मध्ये त्यांनी नवी 911 जीटी3 फक्त ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्समध्ये आणली. तर्क बरोबर होता, कुठलाही माणूस एवढ्या वेगाने गिअर बदलू शकत नाही. पण चाहते नाराज. 2016 मध्ये कंपनीने मॅन्युअल गिअरची 911 आर काढली, मोजून 991 गाड्या. सेकंडहँड बाजारात त्यांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट वर गेली. पुढच्या वर्षी जीटी3 मध्येही मॅन्युअलचा पर्याय परत आला. त्याच गाडीचे कंपनीचे आकडे असे: पीडीकेने 0 ते 100 ला 3.4 सेकंद, हाताने 3.9. म्हणजे जगातले सगळ्यात आकडेवेडे गिऱ्हाईक अर्धा सेकंद सोडायला रांगेत उभे होते. मला तरी याहून चांगला पुरावा ठाऊक नाही.

आवाजाबद्दल माझ्याकडून जास्त अपेक्षा असेल, पण खरं सांगायचं तर आवाज हा जिवाचा सगळ्यात सहज खोटा करता येणारा भाग आहे. 2011 च्या बीएमडब्ल्यू एम5 मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवला जायचा, तेव्हा लोक चिडले. मी चिडायला मोकळा नाही, कारण पोटासाठी मी जवळजवळ तेच करतो. युरोपात इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वेगात पादचाऱ्यांसाठी आवाज करावाच लागतो, तो कुणीतरी लॅपटॉपवर बसून रचतो, त्या कुणीतरीपैकी मी एक. खरा आवाज कसा असतो तर लेक्सस एलएफए या स्पोर्ट्‌स कारसारखा. यामाहाच्या वाद्यं बनवणाऱ्या विभागातले ध्वनितज्ज्ञ त्या आवाजावर काम करत बसले होते. 4.8 लिटरचं ते दहा सिलिंडरचं व्ही10 इंजिन नुसतं चालू असताना 9000 आरपीएमला (मिनिटाला 9000 फेऱ्यांना) पोचायला 0.6 सेकंद घेतं. आरपीएम दाखवणाऱ्या साध्या तबकडीचा काटा तेवढ्या वेगाने फिरू शकेना, म्हणून काटा पडद्यावर काढावा लागला. तिथे आवाज वर चिकटवलेला नाही, यंत्राच्या चपळाईतूनच निघालेला आहे. कानाला हा फरक कळतो. का कळतो ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि माझा पगार त्याच कामाचा आहे.

अलीकडे ह्युंदाईने आयोनिक 5 एन मध्ये एक विलक्षण उद्योग केलाय. गाडी इलेक्ट्रिक, गिअरच नाहीत, तरी बटण दाबलं की ती आठ गिअर असल्याचं सोंग करते, बदलताना झटका देते, खोटा आरपीएम संपला की अडते. आधी हसलो. मग एका ट्रॅकवर ती चालवली आणि वीस मिनिटं ते बटण बंद केलं नाही. कारण सोंग असलं तरी मला पुन्हा काम मिळालं होतं: कितव्या गिअरमध्ये आहोत, वळणाला कुठे खाली यायचं. कुणाला हे थोतांड वाटलं तर मी भांडणार नाही, पण त्या गाडीवर काम करणाऱ्यांना काय हरवलंय ते नेमकं कळलं होतं, हे मान्य करावं लागतं.

आता तुमच्या संशयाचा भाग. हो, 'आत्मा' या शब्दाआड बराच कचरा लपवला जातो. गाडी सारखी बंद पडते, दार नीट लागत नाही, एसी म्हणजे नुसता आवाज, आणि मालक म्हणतो, हिचा स्वभाव आहे. हा स्वभाव नव्हे, ही गॅरेजवाल्याची दिवाळी. दुसरं, 'जपानी गाड्या थंड असतात' हे ठरावीक वाक्य. निस्सान जीटी-आर आर35 ला लोकांनी कायम व्हिडिओ गेम म्हटलं (तिच्या डॅशबोर्डवरचा पडदा खरोखरच एका व्हिडिओ गेम कंपनीने रचला होता). पण तिचं प्रत्येक इंजिन एकच कारागीर हाताने जोडायचा आणि नंतरच्या वर्षांत त्याच्या नावाची पट्टीही त्यावर लावलेली असायची. नुसत्या पट्टीने जीव येतो असं माझं म्हणणं नाही. पण ती गाडी मर्यादेला नेली की तिच्यात कुणाचा तरी हट्ट जाणवतो, आणि मला तो कित्येक सुंदर, महाग, सगळ्यांना खूश ठेवणाऱ्या गाड्यांपेक्षा आवडतो. सगळ्यांना खूश ठेवणारी गाडी माझ्या मते सगळ्यात निर्जीव.

तुम्ही खरंच घ्यायच्या विचारात असाल तर ट्रायल घेताना विक्रेत्याला लाँच कंट्रोल (उभी गाडी पूर्ण जोराने सुटवणारी सोय) दाखवू देऊ नका. म्युझिक बंद करा. ओळखीच्या रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नासने जा. खडबडीत भाग आणि गुळगुळीत भाग यांतला फरक डोळ्यांआधी हाताला कळतो का बघा. ब्रेकचा पाय जेवढा दाबाल तेवढंच उत्तर मिळतं का, की पहिल्या इंचात सगळा ब्रेक लागून मोकळा होतो? सीटवर तुमचं वजन गाडीच्या मध्यभागी आहे असं वाटतं, की तुम्ही पुढच्या चाकांवर बसून मागचा भाग ओढत नेताय? उतरल्यावर एकदा मागे वळून बघावंसं वाटतं का, हे विचारायला लोक सांगतात. मला ते फार महत्त्वाचं वाटत नाही, चालवताना गाडी दिसत नाही.

मागच्या मे महिन्यात वडील इकडे आले होते. गाडी बघून पहिला प्रश्न, "किती सीसी?" सांगितल्यावर तोंड वाकडं. "एवढ्यासाठी इंग्लंडला आलास होय?" छप्पर उघडून, त्यांना माकडटोपी घालून कॅट अँड फिडलवर नेलं. अर्धा रस्ता काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी न विचारता डावा हात पुढे करून, नाही, उजवा, ते डाव्या सीटवर होते, गिअरच्या दांड्यावर माझ्या हातावर ठेवला. इंजिन दांड्यातून थरथरत होतं. पुढचं वळण आलं तसे म्हणाले, "थांब, आता मी सांगतो कधी टाकायचा ते."