स्टिअरिंग बदललं, दिवे विझेनात

प्रश्न : जुनं स्टिअरिंग सोलवटलं म्हणून म्हापशात दुसरं बसवून घेतलं. तेव्हापासून एअरबॅगचा आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला, असे दोन्ही दिवे पेटलेत. हॉर्नही वाजत नाही. बॅटरीची वायर काढून लावली, पण उपयोग नाही. – एक वाचक, डिचोली

उत्तर : हॉर्नचं लिहिलंत, फार बरं केलंत. हॉर्न आणि एअरबॅग, दोन्हींच्या तारा स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगमधून जातात. आत गुंडाळलेली चपटी पट्टी असते. ती मध्यावर न आणता स्टिअरिंग बसवलं, तर पूर्ण वळवताना तुटते. माझा पहिला संशय तिच्यावरच. पट्टी तुटली असेल तर नवीन घालेपर्यंत दिवा विझणार नाही. कनेक्टर नीट बसलाय का, आपल्या दमट हवेत त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढलाय का, तेही बघायला सांगा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबायलाच हवं. एअरबॅगला वीज मोजणारा मल्टिमीटर लावू देऊ नका, ती फुटू शकते.

एअरबॅगचा दोष बॅटरी काढूनही गाडीच्या कॉम्प्युटरच्या नोंदीत राहतो. दुरुस्तीनंतर एअरबॅगचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरनेच (गाडीला जोडायचं यंत्र) तो पुसावा लागतो. स्वस्तातले बरेचसे स्कॅनर फक्त इंजिन वाचतात.

दुसरा दिवा बहुधा स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरमुळे. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की तो विझतो. बाकीच्यांत स्टिअरिंग सरळ ठेवून स्कॅनरने तोच शून्य कोन ठरवावा लागतो.

एअरबॅगचा दिवा पेटलेला असताना ती अपघातात उघडेलच असं नाही. मुलाबाळांना घेऊन चोर्ला घाट चढण्याआधी हे करून घ्याच.