हँडल उंच, केबल तोकडी

प्रश्न : बुलेटला उंच हँडल बसवलं. आता हँडल पूर्ण वळवलं की गाडी आपोआप रेस होते. कार्ब्युरेटर साफ करून घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष दिसतोय! ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात असणार. टाकीखालून तिचा रस्ता बदलून बघा; नाहीच पुरली तर लांब केबल घ्या. मग गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज बदलता कामा नये. डिस्क ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलचा पाइप) ताणला जात असेल तर गाडी बाहेर काढूच नका.

आणि स्विचच्या डब्यातली बारीक खुंटी मेकॅनिकने कापू नये, नाहीतर अख्खा डबा हँडलवर गरागरा फिरतो. ती खुंटी बसेल एवढं भोक हँडलच्या नळीलाच पाडायचं. आधी गाडीवर बसून अंगठा हॉर्नवर पोचतोय ना, ते बघा.