परीक्षकाची जबाबदारी

प्रश्न : संशोधन नियतकालिकाकडून परीक्षणासाठी (छापण्याआधी तज्ज्ञाने तपासण्यासाठी) आलेला लेख माझ्याच चालू संशोधनाच्या विषयावर आहे. स्वीकारू का? संशोधक विद्यार्थ्याची मदत घेतली तर चालेल का?

उत्तर : सारांश वाचून थांबा आणि संपादकांना हा हितसंबंध लगेच कळवा. आमच्या मते नकार द्यावा. गप्प मात्र बसू नका, त्यात लेखकाचे आठवडे वाया जातात. विद्यार्थ्याची मदत संपादकांच्या परवानगीनेच घ्यावी, अहवालात त्याचं नाव कळवावं. हस्तलिखित एआय साधनात टाकलं की गोपनीयता मोडते. परीक्षकाने लेखकाला स्वतःचे (परीक्षकाचे) लेख उद्धृत करायला लावणं हा सरळ दबाव आहे.

संपादकांनीही लेखकाने सुचवलेल्या परीक्षकाचा ईमेल पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावरून पडताळावा. बनावट पत्त्यांवरून काही लेखकच स्वतःच्या लेखाचं परीक्षण करतात. अशा खोट्या परीक्षणांमुळे स्प्रिंगर या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये ६४ लेख मागे घेतले.