न घेतलेलं कर्ज सिबिल अहवालात दिसतंय, तक्रार दोनदा फेटाळली. आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गृहकर्ज अडलं, कारण सिबिल या पतमाहिती संस्थेच्या (लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या) अहवालात एका वित्त कंपनीचं ८,५०० रुपयांचं थकीत वैयक्तिक कर्ज दिसतंय आणि ते तुम्ही घेतलेलंच नाही. सिबिलकडे दोनदा ऑनलाइन तक्रार केली, दोन्ही वेळा ‘कंपनीने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे’ एवढंच उत्तर आलं.

असं उत्तर का येतं ते आधी समजून घ्या. सिबिल स्वतः चौकशी करत नाही. तुमची तक्रार ती कंपनीकडे पाठवते. तिथला कर्मचारी संगणकात बघतो, खात्यावर तुमचं नाव आणि पॅन दिसतो, तो ‘बरोबर’ म्हणून कळवून मोकळा होतो. कर्ज घेणारी व्यक्ती तुम्हीच होतात का, हे कुणी तपासतच नाही. आणि कंपनीने मान्य केल्याशिवाय सिबिलला नोंद बदलता येत नाही. म्हणून तिसऱ्यांदा तोच फॉर्म भरण्यात अर्थ नाही. कंपनीला असे प्रश्न विचारायला हवेत, ज्यांची उत्तरं द्यायला तिला मूळ कागद काढावेच लागतील.

त्याआधी अहवाल नीट वाचा. खात्यासमोर मालकीचा प्रकार लिहिलेला असतो: वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार. आपल्याकडे नातेवाइकाला किंवा सोसायटीतल्या ओळखीच्याला जामीन राहून विसरून जाणारे पुष्कळ असतात, आणि ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसतं. तसं असेल तर ही नोंद खोटी नाही, मार्ग वेगळा. मग वैयक्तिक माहितीचा भाग बघा. अनोळखी पत्ता, मोबाइल किंवा भलतीच जन्मतारीख दिसली, तर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची माहिती तुमच्यात मिसळली असण्याची शक्यता जास्त. बाकी सगळं तुमचं आणि फक्त मोबाइल अनोळखी असेल, तर पॅनचा गैरवापर समजा. सिबिलसोबत एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन पतमाहिती संस्थांचेही अहवाल काढा. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि कर्ज देणाऱ्या संस्था चौघींनाही माहिती पुरवतात, त्यामुळे हीच चूक बाकीच्या तिघींकडेही असणार असं धरून चाला.

आता कंपनीला पत्र. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल तिच्या संकेतस्थळावर असतो. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पत्रात खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, रक्कम आणि अहवालावरचा कंट्रोल नंबर (त्या अहवालाचा क्रमांक) द्या. मग एकच ठाम वाक्य: ‘हे कर्ज मी मागितलेलं नाही, त्याची रक्कम मला मिळालेली नाही.’ त्याखाली करारनामा, केवायसीची कागदपत्रं, अर्जाच्या वेळी काढलेला फोटो, ओटीपी गेला तो मोबाइल नंबर, हप्ते आपोआप कापले जावेत म्हणून ई-नॅच लावलेलं बँक खातं आणि कर्जाची रक्कम जमा झाली तो खाते क्रमांक यूटीआरसह (बँकेतल्या त्या व्यवहाराच्या क्रमांकासह) मागा.

या सगळ्यात शेवटची मागणी सर्वात भारी. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावी लागते, अपवाद मोजके. ज्या खात्यात पैसे गेले ते तुमचं नसेल, तर कंपनीकडे बोलायला फारसं काही उरत नाही. त्या महिन्याचं तुमच्या खात्याचं स्टेटमेंट सोबत जोडा. कर्ज मोबाइल किंवा फ्रिजच्या खरेदीवरचं असेल तर पैसे थेट दुकानदाराला जातात. तेव्हा बिल, वस्तूचा सीरियल किंवा आयएमईआय नंबर आणि डिलिव्हरीचा पत्ता मागा.

गैरवापराचा संशय असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. या पोचपावतीची प्रत कंपनीला पाठवा. माझ्या मते बहुतेक प्रकरणं या कागदानंतरच हलायला लागतात, कारण मग फाइल वसुली विभागातून फसवणूक तपासणाऱ्यांकडे जाते.

एक कळकळीची विनंती. ‘साडेआठ हजारच आहेत, भरून टाका आणि सुटा’ असा सल्ला वसुलीवाले देतील, कदाचित गृहकर्जाचा एजंटही देईल. भरू नका. पैसे भरले की कर्ज तुमचंच होतं असं तुम्ही मान्य केल्यासारखं होतं. त्यात तडजोडीने कमी रक्कम भरलीत तर ‘सेटल्ड’ हा शेरा बसतो, आणि पुढचा प्रत्येक बँकवाला त्याचं कारण विचारतो. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. तुम्ही स्वतः फुकट करू शकता त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं.

कंपनीला पत्र जाईल त्याच दिवशी चारही संस्थांकडे नव्याने तक्रार नोंदवा. इथे एक बारीक चूक खूप जण करतात: ‘थकबाकीची रक्कम चुकीची’ हा पर्याय निवडतात. त्याचा अर्थ कर्ज तुमचं, फक्त आकडा चुकला. तुम्ही ‘हे खातं माझं नाही’ म्हणजे ओनरशिपचा पर्याय निवडा. अनोळखी मोबाइल आणि पत्त्यावरही वेगळी हरकत घ्या. शिवाय चौकशांच्या यादीत त्या कंपनीने तुमचा अहवाल मागवल्याची नोंद असेल, तीही काढायला सांगा. कर्ज निघून जातं आणि चौकशी तशीच राहते, असं बऱ्याचदा होतं.

इथून दिवस मोजायला लागा. कंपनीला २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची असते, आणि तुमच्या तक्रारीपासून एकूण ३० दिवसांत प्रकरण निकाली निघायला हवं. २६ एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. उशीर ज्याच्याकडे झाला त्याने ती द्यायची. १ जूनला तक्रार केली आणि १० ऑगस्टला निकाल लागला, तर ४० दिवसांचे ४,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण मागणी लेखी झाली की विलंबाचा हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. तक्रारीतच बँक खातं किंवा यूपीआय आयडी द्या. तक्रार फेटाळली तर कारण देणंही बंधनकारक आहे. ‘माहिती बरोबर आहे’ एवढ्यावर भागवलं तर ‘कोणत्या कागदाच्या आधारे?’ असं लेखी विचारा.

३० दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करायला शुल्क नाही, वकील लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती संस्थाही लोकपालाच्या कक्षेत आहेत, त्यामुळे कंपनी आणि सिबिल दोघांविरुद्ध स्वतंत्र तक्रारी द्या. पत्र, पोच, यूटीआरबद्दलचा अनुत्तरित प्रश्न, बँक स्टेटमेंट तारखेच्या क्रमाने जोडा.

दरम्यान गृहकर्जाची फाइल मागे घेऊ नका. तक्रारीची पोच आणि पोलिसांकडच्या अर्जाची प्रत शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्याला लेखी द्या आणि फाइल राखून ठेवायला सांगा. इतर बँकांत धडाधड अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात चढते.

कंपनीने चूक मान्य केली की ‘या खात्याची कोणतीही जबाबदारी आपल्यावर नाही, खातं आमच्या प्रणालीतून रद्द केलं आहे’ असं पत्र लेटरहेडवर घ्या. दुसरा भाग आग्रहाने मागा. खातं कंपनीच्या प्रणालीत जिवंत राहिलं तर पतमाहिती संस्थांना जाणाऱ्या पुढच्या नियमित फाइलसोबत तीच नोंद पुन्हा वर येते. जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला जाते, म्हणून दुरुस्तीनंतर महिनाभराने चारही अहवाल पुन्हा काढून बघा. मोफत अहवाल संपला असेल तर तेवढे पैसे खर्च करा. नोंद परत आलेली दिसली तर हेच पत्र जोडून त्याच दिवशी तक्रार टाका.