पवनचक्क्यांचे प्रतिध्वनी आणि हवामान रडार

प्रश्न : पवनचक्क्यांमुळे हवामान रडारच्या चित्रात प्रत्यक्षात नसलेला पाऊस दिसतो, असे वाचनात आले. टेकड्या व इमारतींचे प्रतिध्वनी जर गाळता येतात, तर पवनचक्क्यांचे का नाहीत? यावर उपाय कोणते?

उत्तर : टेकडी जागची हलत नाही आणि पवनचक्कीची पाती फिरतात, हे अडचणीचे मूळ आहे. रडारच्या रेडिओ लहरी पावसाच्या थेंबांवरून विखुरून परत येतात; या परतलेल्या लहरी म्हणजेच प्रतिध्वनी. त्यांच्या तीव्रतेवरून पावसाचा जोर कळतो, तर थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत हे डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींच्या वारंवारितेत होणाऱ्या बदलामुळे, कळते. स्थिर वस्तूच्या प्रतिध्वनीचा वेग शून्य येत असल्याने शून्य वेगाचे संकेत वगळून तो बराचसा काढता येतो. पवनचक्कीचा मनोराही असाच वगळला जातो, परंतु मोठ्या पात्याचे टोक सेकंदाला ७० ते ९० मीटर वेगाने फिरते, आणि एक पाते रडारकडे येत असताना दुसरे दूर जात असते. शेजारीशेजारी उलटसुलट वेग दिसणे ही तीव्र वादळातील भोवऱ्याचीही खूण आहे. त्यामुळे नसलेल्या पावसापेक्षा ही दिशाभूल मला अधिक गंभीर वाटते. शिवाय लहरी पवनचक्क्यांमध्ये अनेकदा परावर्तित होऊन उशिरा परतल्या, तर समूहाच्या मागेही खोटे प्रतिध्वनी उमटतात.

सपाट प्रदेशात क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखलेल्या, एक अंश रुंदीच्या रडार शलाकेची (लहरींच्या झोताची) खालची कड ५० किलोमीटरवरही जमिनीपासून सुमारे १५० मीटरच उंच असते, आणि आजच्या पवनचक्क्या त्याहून उंच असतात. म्हणून सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उभारणीपूर्वीच जागेचा विचार. सुमारे पाच सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारपासून ५ किलोमीटरपर्यंत पवनचक्की नसावी आणि २० किलोमीटरपर्यंत परिणामांचा अभ्यास करूनच परवानगी द्यावी, अशी युरोपीय हवामान संस्थांची शिफारस आहे. दहा सेंटिमीटरच्या रडारसाठी हीच अंतरे १० आणि ३० किलोमीटर आहेत. मध्ये डोंगर असेल तर उत्तमच. पवनचक्क्यांच्या रांगा रडारच्या दृष्टिरेषेत लावल्यास निदान बाधित कोन तरी अरुंद होतो.

उभारणी झाल्यावरचे उपाय बहुतेक अपुरे आहेत. आडव्या व उभ्या अशा दोन्ही ध्रुवणांच्या (कंपनदिशांच्या) लहरी वापरणारे रडार पात्यांचा प्रतिध्वनी पावसापासून बऱ्याच अंशी वेगळा ओळखते, आणि तेथील नोंद वगळून शेजारच्या किंवा वरच्या शलाकेतील माहिती भरता येते. मात्र नेमक्या त्या जागी पडणारा खरा पाऊसही त्यात हरवू शकतो. उणीव भरून काढण्यासाठी वेगळ्या ठिकाणी छोटे रडार बसवता येते. फ्रान्समध्ये पेर्पिन्यांजवळच्या प्रकल्पात लहरी शोषून घेणारी पाती वापरली गेली. तीव्र वादळाच्या वेळी पाती काही काळ थांबवणे हा साधा आणि परिणामकारक मार्ग आहे. तथापि त्यासाठी हवामान विभाग आणि प्रकल्पचालक यांच्यात करार आधीच झालेला असावा लागतो, कारण वादळ समोर आल्यावर वाटाघाटींना वेळ उरत नाही.