गाणी नसलेला रेडिओ दिवसभर ऐकायचा तरी कसा?

प्रश्न : पुढच्या वर्षी शिकायला इंग्लंडला जाणार आहे. कानाला सवय व्हावी म्हणून ‘बीबीसी रेडिओ फोर’ ऐकत जा, असं बरेच जण सांगतात. मोबाइलवर लावून पाहिलं. एकदा खतावर चर्चा चाललेली, एकदा बातम्या, एकदा कुठल्याशा गावातली भांडणं. गाणं एकही नाही. यात नेमकं काय ऐकू आणि कधी?

उत्तर : आधी घड्याळ लक्षात घ्या, मग बाकीचं आपोआप जागेवर बसतं. नोकरीनिमित्त मी तिकडे राहत होते तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळी लावला की रात्रीपर्यंत चालू असायचा आणि किती वाजले हे मला त्यावरूनच कळायचं. बातम्यांच्या आधी सहा ‘पिप’ वाजतात, पाच आखूड आणि सहावा लांब. सहावा सुरू झाला त्या क्षणी तास भरतो. हे पिप १९२४ पासून वाजताहेत. मोबाइलवर मात्र ते थोडे उशिरा पोचतात, तेव्हा त्यावरून घड्याळ लावू नका.

सोमवार ते शुक्रवार ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे (पुढच्या सगळ्या वेळाही तिथल्याच) सकाळी सहा ते नऊ ‘टुडे’ हा बातम्या आणि मुलाखतींचा कार्यक्रम असतो. आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराची मुलाखत चुकवू नका. मंत्र्याने उत्तर टाळलं की निवेदक तोच प्रश्न आवाज न चढवता पुन्हा कसा विचारतो, ते कान देऊन ऐका. असं इंग्रजी वर्गात शिकायला मिळत नाही. दहाला ‘वुमन्स अवर’ हा स्त्रियांसाठीचा कार्यक्रम. तो १९४६ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा निवेदक पुरुष होता, हे आज तिथल्या लोकांनाही खरं वाटत नाही. गुरुवारी नऊला ‘इन अवर टाइम’ : एक सूत्रधार, तीन प्राध्यापक, एकच विषय. एखाद्या गुरुवारी प्रकाशसंश्लेषण, एखाद्या गुरुवारी भगवद्गीता. ऐकणाऱ्याला झेपेल का, अशी शंका कुणी घेत नाही. मला या केंद्राबद्दल जो आदर वाटतो, त्याचं मूळ इथे आहे.

तुम्ही ऐकलेली खताची चर्चा बहुधा ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’मधली असावी. हा कार्यक्रम १९४७ पासूनचा. जाणकारांची मंडळी गावोगावच्या सभागृहांत जाते आणि समोर बसलेले लोक आपापल्या बागेतल्या अडचणी विचारतात. गोगलगायी कोवळी रोपं खातात, काय करू? गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडलेत, छाटू का? मला बाग नव्हती, तरी शुक्रवारी दुपारी तीनला मी हातातलं काम हळू करायचे. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आधी जरा कापरा असतो, मग रोपाबद्दल बोलता बोलता तो मोकळा होतो. ते ऐकायला मला फार आवडायचं.

म्हणूनच माझा आग्रह आहे की ॲपवर कार्यक्रम निवडून ऐकू नका. निवडायला बसलात की तुम्ही आपल्या आवडीचंच निवडाल. रेडिओ नुसता चालू ठेवलात, तर गोगलगायींनंतर एखादी श्रुतिका येईल, तिच्यामागून आर्थिक बातम्या येतील, आणि ज्यांची तुम्ही कधीच गाठ घेतली नसती अशी माणसं तुमच्याशी बोलू लागतील.

आता गावातली भांडणं. ती ‘द आर्चर्स’ ही मालिका. ॲम्ब्रिज नावाचं एक काल्पनिक गाव आणि त्यातली शेतकरी कुटुंबं. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर लागते. युद्ध संपलं होतं, रेशनिंग संपलेलं नव्हतं. शेतकऱ्यांनी नव्या पद्धती वापरून जास्त पिकवावं म्हणून कृषी खात्याच्या मदतीने ही गोष्ट रचली गेली. सल्ला मागे पडला, माणसं उरली. शेताचं फाटक उघडल्याचा आवाज स्टुडिओत इस्त्रीच्या घडीच्या टेबलाने काढतात. एकदा हे कळलं की ते फाटक जास्तच खरं वाटू लागतं. भाग जेमतेम तेरा मिनिटांचा, संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर. कोण कुणाचा कोण, याची यादी करत बसू नका. नवीन सून घरातली नाती जशी कानांनी टिपते, तसं ऐकत राहा.

रात्री पावणेअकराला पुस्तकाचं क्रमशः वाचन असतं. आणि जागं राहता आलं तर पावणेएकनंतर ‘शिपिंग फोरकास्ट’, म्हणजे नौकांसाठीचं हवामान. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग आहेत. ‘व्हायकिंग’ नावाच्या विभागापासून सुरुवात करून निवेदक एकेकाचा वारा, हवामान आणि दृश्यता सांगत जातो. शब्दांची मर्यादा कडक, म्हणून क्रियापदं जवळजवळ नाहीतच. प्रत्येक शब्दाचं माप ठरलेलं : ‘सून’ (soon, म्हणजे लवकरच) म्हटलं की सहा ते बारा तासांत, दृश्यता ‘गुड’ म्हटली की पाच सागरी मैलांहून जास्त. एका विभागाचं नाव फिट्झरॉय आहे. तिथल्या हवामान खात्याचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉय यांचं नाव २००२ मध्ये त्याला दिलं. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून गेला, त्याचे कप्तान तेच. बोटीत कधी पाय न ठेवलेली हजारो माणसं हे अंथरुणात पडून ऐकतात. मीही ऐकायचे. बाहेर वारा सुटलेला असला की त्या क्षणी समुद्रावर असलेल्यांचा विचार मनात यायचाच.

प्रश्न : जाहिराती नाहीत, मग पैसे कोण देतं? मला ऐकण्यासाठी काही भरावं लागेल का?

उत्तर : खर्च मुख्यतः टीव्ही लायसन्सच्या शुल्कातून चालतो. रेडिओसाठी वेगळं लायसन्स लागायचं, ते १९७१ मध्ये बंद झालं. नुसता रेडिओ ऐकणार असाल तर काहीही भरायचं नाही. मात्र खोलीत टीव्हीचं थेट प्रसारण पाहायचं असेल किंवा ‘आयप्लेयर’ हे बीबीसीचे टीव्ही कार्यक्रम पाहायचं ॲप लावायचं असेल तर लायसन्स लागतं, लॅपटॉपवर पाहिलंत तरीही. वसतिगृहात खोली घ्याल तेव्हा ते तुमच्या नावावर लागतं का, हे आधीच विचारून घ्या.