वाचकांचे प्रश्न: गुडघ्यावर बसलेला राजा आणि विट्याची मूस

प्रश्न: आमचं घराणं विट्याचं, तीन पिढ्या गलाईत, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. आजोबांचं दुकान अमृतसरला होतं. तिथं मोडीत आलेलं एक चांदीचं नाणं त्यांनी मुशीत न टाकता डबीत ठेवलं, ते आता माझ्याकडं आहे. एका बाजूला मुकुट घातलेला माणूस गुडघा टेकून, एका हातात भाला एका हातात धनुष्य, मागं नुसता लांबट खड्डा, अक्षर एकही नाही. वजन ५.४८ ग्रॅम. वर दोनतीन ठिकाणी बारीक ठसे मारलेत. चुलतभाऊ म्हणतो ठशांनी नाणं बाद झालं, गाळून टाक. खरंच टाकू का? (एक वाचक, विटा)

उत्तर: अहो थांबा, आधी ती डबी कपाटात ठेवा! तुम्ही जे वर्णन केलंय ते इराणच्या हखामनी बादशाहीच्या चांदीच्या नाण्याचं आहे, त्याला सिग्लोस म्हणतात, आणि वजन साधारण साडेपाच ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशोबाच्या (११.६६ ग्रॅमच्या) अर्ध्या तोळ्याला जरा कमी, तेही जुळतंय. शाळेत सम्राट दार्युश वाचला असेल, त्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ५१५ ते ५१० च्या आसपास हे नाणं सुरू झालं. त्याच्या आधीच्या सायरस बादशहानं इ.स.पू. ५४६ च्या सुमारास लिडियाचं राज्य जिंकलं होतं, राजधानी सार्डिस, आजच्या तुर्कस्तानात. तिथली टांकसाळ इराण्यांना आयती मिळाली आणि बरीच वर्षं त्यांनी जुनंच सिंह आणि बैलाचं नाणं पाडलं, मग राजाचं चित्र आलं. आधी अर्धाच राजा, मग बाण सोडणारा, मग तुमच्यासारखा भालेवाला आणि शेवटी खंजीरवाला.

आता ठशांचं. तुम्ही गलाईवाले असून हे विचारताय याची गंमत वाटली. कुणी अनोळखी माणूस चांदी घेऊन आला तर तुम्ही आधी टंच, म्हणजे शुद्धता, बघणारच ना? तेव्हाचे सराफ तेच करायचे, कारण आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी बनवाबनवी तेव्हाही होती आणि तसली नाणी सापडलीत. म्हणून नाण्यावर आपला छोटा ठसा मारून आत काय आहे ते बघायचं आणि पुढं चालवायचं. अशा ठशांचे सिग्लोस भरपूर मिळतात. कोऱ्या नाण्याला भाव जास्त येतो हे खरं, पण ठसे म्हणजे बाद हे साफ चूक.

आणि एक सांगतो, हेरोडोटस नावाचा ग्रीक लिहितो की खंडणीत आलेलं सोनंचांदी दार्युश वितळवायचा, मातीच्या रांजणात ओतायचा, भरला की रांजण फोडून टाकायचा आणि गरज लागेल तेवढंच कापून नाणी पाडायचा. आता सांगा, हा माणूस तुमच्याच धंद्यातला की नाही? त्याच पुस्तकात असंही आहे की इराणी लोक सायरसला बाप म्हणायचे, त्याच्या मुलाला, कॅम्बिससला, मालक आणि दार्युशला दुकानदार :)

खरं की खोटं हे मात्र पत्रावरून कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण तुमच्याकडं काटा आहे, तेव्हा एक करून बघा: नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं ठेवून तोला. चांगली चांदी असेल तर वजन साधारण ०.५२ ग्रॅमनं कमी भरेल, पितळ असेल तर ०.६५ च्या आसपास. भिंगातून कडेला शिवण किंवा अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले तर ते ओतीव आहे, कारण खरं नाणं हातोड्यानं ठोकून पाडलेलं असतं आणि त्याच्या कडेला चिरा पडतात. तेजाब (ॲसिड) अजिबात लावू नका आणि चमकवू पण नका. विकायचं असेल तर शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न: एका सिग्लोसमध्ये काय यायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर: पगारावरून अंदाज घ्या. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकट्या सायरसनं (हा वेगळा, पुढच्या काळातला इराणी राजपुत्र) ग्रीक भाडोत्री सैनिक घेतले तेव्हा महिना एक दारिक ठरला होता, पुढं इराणच्या बादशहाविरुद्धच जायचंय असा संशय आल्यावर सैनिक अडून बसले आणि दीड झाला. दारिक म्हणजे सोन्याचं नाणं, ८.४ ग्रॅम, एका दारिकला २० सिग्लोस. म्हणजे महिन्याला २० वरून ३०. सोनं चांदीच्या तेरापट, आज पेढीवर हा भाव मागून बघा!

प्रश्न: मग आजोबांच्या दुकानात ते अमृतसरला कसं आलं असेल, इराणची नाणी आपल्याकडं चालायची का? (तेच वाचक, विटा)

उत्तर: गंमत अशी की खुद्द इराणात हे नाणं फारसं चालत नव्हतं, तिकडं चांदी तोलूनच द्यायची घ्यायची, नाण्याचा बाजार तुर्कस्तानच्या बाजूला. पण गांधार आणि सिंधू खोरं दार्युशच्या राज्यात होतंच. १९३३ साली काबूलजवळ चमन-ए-हजुरीला एक साठा सापडला, त्यात ग्रीक नाणी, थोडे सिग्लोस आणि आपल्याकडच्या वाकवलेल्या चांदीच्या पट्ट्या एकत्र होत्या. ती पट्टी साधारण ११ ग्रॅमची, म्हणजे बरोबर दोन सिग्लोस, त्यामुळं हिशोब सोपा. तिथून अमृतसर काही लांब नाही. बाकीचं बरंचसं सिकंदरानं संपवलं, इ.स.पू. ३३० ला इराणच्या राजधानीचा, पर्सेपोलिसचा, खजिना उचलला आणि जुनी चांदी त्याच्या स्वतःच्या नाण्यांसाठी मुशीत गेली. तुमच्या आजोबांनी मात्र टाकली नाही.